गजाला बांधलेली सुतळी

ज्यांच्याबद्दल आज लिहायला बसलो आहे, त्यांच्याबद्दल लिहायचं मी आयुष्यभर टाळलं. नोकरीतून मोकळा झाल्यावर बरंच काही लिहिलं. शाळेतल्या गुरुजींवर लिहिलं, आईवर लिहिलं, एस.टी.तल्या एका भांडकुदळ कंडक्टरवरसुद्धा लिहिलं. यांची पाळी आली की काही ना काही निमित्त निघायचं. चष्मा सापडायचा नाही, नाहीतर पाहुणे यायचे. पाहुणे नाही आले तर मीच उठून कुणाकडे तरी जायचो.

तरी ते एका विशिष्ट रूपात डोळ्यांसमोर उभे राहतातच. घराच्या भिंतीलगत उतरलेल्या पत्र्याच्या नळीला कान लावलेला. डोळे मिटलेले. डाव्या हाताचं बोट ओठांवर, म्हणजे आजूबाजूच्यांनी बोलू नये. उजव्या मनगटाला एक लांब सुतळी बांधलेली आणि ती वर, छपराच्या कडेपर्यंत गेलेली. मग मनगटाला एक झटका. वर कुठेतरी ‘फक्’ असा आवाज आणि पाठोपाठ नळीतून खळखळत खाली येणारं पाणी. ते हौदात पडेपर्यंत हा माणूस हलायचा नाही. मग डोळे उघडून म्हणायचा, “सांगितलं पान्यानं.”

म्हणजे काम झालं. त्याआधी नाही.

सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा. त्यांचं काम पन्हळी साफ करण्याचं. तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांनी अशी माणसं पाहिली असतील. बाकीच्यांना थोडं सांगायला हवं. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. नांदुऱ्यातली बरीचशी घरं कवेलूंची, म्हणजे कौलांची, काही टिनांची. छपराच्या कडेला पत्र्याची पन्हळ, तिच्या टोकाला नळी आणि नळीखाली हौद. पाण्याची ओढाताण कायमची. पावसाळ्यातलं पहिलं मळकट पाणी सोडून द्यायचं आणि शेवटचं, परतीच्या पावसाचं धुतलेलं पाणी हौदात धरायचं, अशी रीत होती. त्यामुळे भादवा सरला की घरोघरी एकच प्रश्न, “मामा येऊन गेले का तुमच्याकडं?”

नांदुऱ्याच्या पन्हळींत जे साचायचं ते दुसऱ्या गावात साचत नसावं. उन्हाळाभर सरकी काढायच्या जीनमधून उडालेली कापसाची रुई, स्टेशनावरच्या इंजिनांची काजळी, कडुनिंबाच्या काड्या आणि निंबोळ्या. चार महिने पावसाखाली दबून याचा चिवट थर, नमदाच व्हायचा. मामा तो खुरप्यानं सुटा करायचे आणि अखंड उचलून वरून घरमालकाला दाखवायचे. “घ्या, घोंगडं झालं तय्यार! हिवाळा निंगला तुमचा!”

घाण नळीतून हौदात जाऊ नये म्हणून काम सुरू करण्याआधी ते नळीच्या तोंडात पोत्याचा बोळा ठोकत. त्या बोळ्याला ती सुतळी. सुतळीचं दुसरं टोक मनगटाला. पन्हळ धुऊन पुसून झाली की त्यात बादलीभर पाणी साठवायचं, खाली उतरायचं, कान लावायचा आणि सुतळी ओढायची. मी एकदा विचारलं, मनगटालाच का बांधता? खुंटीला अडकवली तरी चालेल.

“खुटी ईसरून जाते, बाबू,” ते म्हणाले. “मनगट घरी संगं येते.”

बाबू म्हणजे मी. मी तेव्हा बाविशी-तेविशीचा, एका कापूस अडत्यांनी वडिलांच्या नावानं काढलेल्या वाचनालयात कारकून. पुस्तकं देणं-घेणं, वर्तमानपत्रं लावणं, झाडलोट, सगळं मीच. नोकरी कच्ची होती. मी मूळचा बीबीचा, तिकडे लोणारच्या बाजूचा. माझ्या बोलण्याची मामा मजा करायचे. “तुमच्याकडचे लोकं बोलतात तं असं वाटते, मराठवाड्यातून पाव्हने आले आन् अर्ध्यातच उतरले.”

मामांना अक्षरओळख नव्हती. पण वर्तमानपत्राचं वेड इतकं, की मी वाचनालय उघडायच्या आधी ते पायरीवर हजर. मी त्यांना रोज थोडं वाचून दाखवायचो. सुरुवातीला दया म्हणून, पुढे मलाच सवय लागली म्हणून. बातमी ऐकताना त्यांचे डोळे मिटलेले असत, नळीला कान लावताना मिटत तसे. एखादं मोठं भाषण वाचून झालं की विचारायचे, “हे झालं बोलनं. पानी निंगलं का?”

छपरावरून त्यांना सगळं गाव दिसे. कुणाच्या अंगणात काय वाळत घातलंय, कुणाच्या परसात कोण रडतंय, कुणाच्या माजघरात अचानक आवाज चढलाय. एकदा समोरच्या घरात मोठं भांडण झालं आणि मामा नेमके त्यांच्याच छपरावर होते. खाली उतरल्यावर हॉटेलवाल्यानं चहा देऊन छेडलं, “काय पाह्यलं बे मामा? सांग ना!” मामांनी चहा पिऊन कप उपडा ठेवला आणि म्हणाले, “कवेलू पाह्यले. तीन फुटेल हायेत.” आणि माझ्याकडे वळून हळूच, “वरचं वरच राहू द्यावं, बाबू. खाली आनलं का घरं मोडतात.”

बायका त्यांच्यावर विश्वास टाकत तो यामुळे. छपरावर परका माणूस चढला की घरातली बाई आत जाते. मामा चढले की बाई अंगणात तिचं काम करत राहायची.

आणखी एक सांगतो, म्हणजे माणूस तुमच्या ध्यानात येईल. जुन्या पन्हळींत पिंपळाची रोपं उगवतात. पिंपळ उपटायला आपल्याकडे लोकांचा हात धजत नाही. घरमालक म्हणे राहू दे, भिंत म्हणे काढ. मामा रोपापुढे दोन्ही हात जोडायचे आणि अगदी मोकळ्या आवाजात म्हणायचे, “माफ करजा देवा, इथी तुले जागा नाही.” मग मुळासकट अलगद सोडवून ओल्या पोत्यात गुंडाळायचे आणि संध्याकाळी स्टेशनाच्या कुंपणापाशी नेऊन लावायचे. मी हसलो तेव्हा म्हणाले, “हसू नका. माफी मांगाले काय लागते? दोन हात आन् एक तोंड. तिन्ही घरचेच हायेत.”

हे वाक्य मी लिहितो आहे आणि माझा हात थांबतो आहे. पण आता थांबून उपयोग नाही.

आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन खंडेनवमीला असे. त्या दिवशी पुस्तकांची पूजा, मग एखाद्या पाहुण्यांचं भाषण. त्या वर्षी अध्यक्षांनी, म्हणजे त्या अडत्यांनी, मोठा घाट घातला होता. पाहुणे अकोल्याचे. अध्यक्षांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, “समारंभ नीट पार पाडा. तुमचं पक्कं करून टाकू.” घरून वडिलांचं पत्र आलं होतं की दसऱ्याला मुलगी पाहायला जायचं आहे, मुलीकडचे नोकरी पक्की आहे का ते विचारत आहेत. दोन्ही गोष्टी मी मामांना पायरीवर बसून सांगितल्या होत्या. ते खूश झाले होते. “करून टाका पक्कं. मंग लग्नात मी वाचीन पेपर, तुमी आयका,” म्हणाले होते.

मामा आमची पन्हळ साफ करायला आले ते अष्टमीच्या दुपारी. आमची इमारत म्हणजे शेजारी शेजारी दोन छपरं. दोन्हींचा उतार मधल्या भिंतीवर येई आणि त्या भिंतीवर ही पन्हळ. तिच्याखाली आतल्या बाजूला पुस्तकांची कपाटं. नळी मात्र बाहेरच्या भिंतीवर, माझ्या टेबलाजवळच्या खिडकीशेजारून खाली उतरलेली. तीच भिंत आदल्या दिवशी चुन्यानं रंगवली होती आणि नळीचा एक सांधा गळका होता.

मामांनी काम संपवलं, वरून आवाज दिला, “बादली द्या, पान्याले इचारून घेतो.”

मी खाली उभा. ओल्या चुन्यावरून काजळीचा ओघळ उतरलेला मला आधीच डोळ्यांसमोर दिसू लागला. म्हटलं, “मामा, आज पाणी नको. भिंत खराब होईल. परवा करा.”

“परवा दसरा. मी सोनाळ्याले जाऊन राह्यलो, लेकीकडं.”

“मग उद्या कार्यक्रम झाल्यावर.”

“उद्या खंडेनवमी, बाबू. हत्यारं पूजेत बसतात. उद्या मी शिडीले बी हात लावत नाही.”

“मग बोळा तसाच राहू द्या. आता काढला तर तळाशी राहिलेलं काळं पाणी भिंतीवर उतरेल. आभाळ बघा, कुठे आहे पाऊस?”

“बोळा ठेवून मी उतरत नाही.”

“मामा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो!”

ते छपराच्या कडेला उकिडवे बसले. बराच वेळ आभाळाकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. आणि उतरले. खाली येऊन त्यांनी मनगटाची गाठ दातानं सोडली आणि सुतळीचं टोक माझ्या टेबलाजवळच्या खिडकीच्या गजाला बांधलं. दोन गाठी मारल्या.

“ही सुतळी तुमच्या हवाली. कार्यक्रम उठला का वढजा. फक्त वढा, बोळा आपसूक येते. वढल्याबिगर गावाले जाऊ नका.”

“हो.”

“हो नाही. ‘वढतो’ म्हना.”

“ओढतो, मामा, ओढतो!” मी हसून म्हणालो. जाताना त्यांनी मनगट चोळलं. तिथे सुतळीची रेघ उमटली होती. त्या मोकळ्या मनगटानं त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, हे मला तेव्हाही दिसलं.

समारंभ छान झाला. खिडक्यांच्या गजांना आम्ही आंब्याच्या पानांची तोरणं बांधली होती, तीही तसल्याच सुतळीनं. पाहुण्यांनी मी लिहिलेला अहवाल नावाजला. अध्यक्षांनी भर सभेत पाठीवर हात ठेवून सांगितलं, “हे आमचे बाबू. आजपासून पक्के.” टाळ्या झाल्या. मी हवेतच होतो. सतरंज्या गुंडाळल्या, कुलूप लावलं, पिशवी घेतली आणि संध्याकाळची एस.टी. धरली. चिखलीला मावशीकडे मुक्काम करून दसऱ्याच्या सकाळी बीबीला पोचलो.

खिडकी माझ्या टेबलाजवळ होती. सुतळी हाताच्या अंतरावर होती.

दसऱ्याच्या दुपारी पाऊस आला. आम्ही मुलीच्या घरी ओसरीत बसलो होतो. आधी वारा, मग एकाएकी अंधारून आलं आणि टिनांवर असा तडतडाट की बोलणं ऐकू येईना. माझ्या पुढ्यात पोह्यांची बशी होती. मुलीचे वडील ओरडून म्हणाले, “शुभ शकुन आहे!” सगळे हसले. मुलीनं मान खाली घालून पाणी आणून ठेवलं. मला तो पाऊस फार आवडला. मी सगळे पोहे संपवले. एकदाही, तुम्हाला खरं सांगतो, एकदाही मला ती सुतळी आठवली नाही.

विसरणं हा गुन्हा नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. ते मान्य करू. पुढचं ऐका.

तिसऱ्या दिवशी सकाळी नांदुऱ्याला उतरलो. वाचनालयासमोरच्या ओट्यावर, पायऱ्यांवर, रस्त्याच्या कडेलाही पुस्तकं उघडी करून उन्हात टाकलेली. फुगलेली, एकमेकांना चिकटलेली. वारा आला की काही पानं हलत होती, बाकीची हलतही नव्हती. पन्हळ तुंबून दोन्ही छपरांचं पाणी आत, कपाटांवर उतरलं होतं. अध्यक्षांचा गडी पावसातच वर चढला होता. त्यानं तुंबलेल्या पाण्यात हात घालून बोळा उपसला तेव्हा सुतळी बोळ्यापासून तुटली. बोळा टेबलावर ठेवलेला होता, सगळ्यांनी पाहावा म्हणून.

उरलेली सुतळी खिडकीच्या गजाला लटकत होती. सुकलेल्या तोरणांच्या सुतळ्यांत आणखी एक. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नव्हतं. ती तिथे का होती हे सांगू शकणारी माणसं दोनच.

सगळे बाहेर पुस्तकांपाशी होते. मी तोरणं काढायच्या निमित्तानं खिडकीशी गेलो. तोरणं काढली. मग मामांच्या दोन गाठी सोडल्या, सुतळीची गुंडाळी केली आणि खिशात टाकली.

एवढंच केलं. पण ते केलं.

मामा त्याच दिवशी सोनाळ्याहून परत आले होते. अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं. ते आत आले ते नेहमीसारखे पायरीवर चपला काढून. आत येताना उन्हातल्या पुस्तकांना वळसा घालून आले, कुठे पाय लागू नये म्हणून.

अध्यक्षांनी बोळा पुढे केला. “मामा, हा तुमचा?”

“हाव.”

“तुमीच ठोकला?”

“हाव. म्याच ठोकला.”

“मंग काढला काऊन नाही? वडलांच्या नावाची पुस्तकं होती हो ती. मी कोनाले तोंड दाखवू?”

मामांनी खिडकीकडे पाहिलं. गज मोकळा होता. ते त्या मोकळ्या गजाकडे बघत राहिले, नळीला कान लावताना जेवढा वेळ लागे तेवढा. मग माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाशी उभा होतो आणि माझा एक हात खिशात होता.

मला वाटलं, आता बोलतील. मी बोलायचं तर तोच क्षण होता. मी खिशातली सुतळी मुठीत धरली.

“ईसरलो,” मामा म्हणाले.

“ईसरले? तुमी?”

“वय झालं, मालक. ईसरलो.”

ते अध्यक्षांच्या पाया पडले. बाहेर गेले. जाताना पुन्हा पुस्तकांना वळसा घातला.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय बिघडलं? कुणी त्यांना मारलं नाही, पोलिसांत दिलं नाही. अध्यक्षांनी फक्त एवढंच सांगितलं की आमच्या छपरावर आता चढू नका. पण त्या माणसाजवळ दुसरं काय होतं? शिडी, खुरपं, बादली आणि गावाची ही खात्री, की मामा पाण्याला विचारल्याशिवाय उतरत नाहीत. ती खात्री महिन्याभरात गेली. दुष्टपणानं नव्हे, थट्टेनं गेली. हॉटेलवाला विचारायचा, “काय मामा, बोळा काढला का?” पोस्टमन सायकल थांबवून विचारायचा, “मामा, बोळा!” कुणाची मोरी तुंबली तरी लोक म्हणत, मामा येऊन गेले वाटतं. मामाही हसायचे. पहिल्या वेळी ही थट्टा माझ्यासमोर झाली तेव्हा हॉटेलात पाच-सहा जण होते. सगळे हसले. मीही हसलो. मामांनी फक्त माझ्या हसण्याकडे पाहिलं.

पुढच्या वर्षी भादवा सरला तेव्हा पुष्कळ घरांनी दुसरा माणूस बोलावला. बायका आत जाऊन बसू लागल्या.

पायरीवर तर ते त्या दिवसापासून आलेच नाहीत. मी काही दिवस वर्तमानपत्र घेऊन दारात उभा राहायचो. मनात म्हणायचो, आज आले की सांगून टाकीन. ते आले नाहीत याचं मला बरं वाटायचं. हेही लिहून ठेवतो. नंतर कळलं, मामा नांदुरा सोडून सोनाळ्याला लेकीकडे कायमचे गेले.

माझं लग्न झालं. मुलगा झाला. पुढे सरकारी खात्यात लागलो, बुलढाण्याला घर केलं. चार-पाच वर्षांनी एकदा हिय्या करून सोनाळ्याला गेलो. खिशात ती सुतळी घेतली होती. हातात पेढे होते, वर्तमानपत्रात बांधलेले. तिथून सातपुडा अगदी जवळ दिसतो. मामा घरापुढे बसून एका गळक्या बादलीचं भोक डाख लावून बुजवत होते. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

“अरे, बाबू! पेपर आनला का?”

मी पुडा पुढे केला. त्यांनी पेढे लेकीकडे दिले आणि कागद झटकून माझ्या हातात परत दिला. “वाचा.”

“जुना आहे, मामा.”

“मले कुठी माहीत हाये? मले नवाच हाये.”

मी वाचला. तेलाचे डाग पडलेल्या त्या अर्ध्या पानावर जे जे होतं ते सगळं वाचलं. बाजारभाव, कुठल्याशा पुलाचं उद्घाटन, हरवलेल्या बैलाची जाहिरात. मामा डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, “पुस्तकं सुकली का हो ती?”

“थोडी सुकली.”

“लेकरायची वरच्या फळीवर होती ना? तिथी पानी पहिले उतरलं असंन.”

“हो.”

“अरेरे.” ते खरोखरच हळहळले. जणू काही ती सारी चूक त्यांचीच होती. मला वाटतं, तोवर त्यांनी ती स्वतःची करूनही टाकली होती.

मी खिशात हात घातला. सुतळी बोटांना लागली. “मामा,” मी म्हणालो, “मला तुम्हाला एक सांगायचं आहे.”

त्यांनी डोळे उघडले. माझ्या खिशात गेलेल्या हाताकडे पाहिलं. तेवढ्यात फाट्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. ती शेवटची गाडी होती. खरं सांगायचं तर ती आणखी पंधरा मिनिटं तिथेच उभी राहत असे, हे मला येतानाच कंडक्टरनं सांगितलं होतं.

“जा,” मामा म्हणाले, “गाडी जाईन. पुढल्या खेपेले सांगजा. मी कुठी चाललो?”

आणि मी उठलो. ते मला दारापर्यंत पोचवायला आले. सुनेची, नातवाची चौकशी असावी तशी माझ्या बायको-मुलाची चौकशी केली. नोकरी पक्की आहे ना, विचारलं. म्हटलं, आहे. “बस मंग,” म्हणाले.

पुढची खेप व्हायला सात वर्षं लागली. लेक दारात आली. तिनं ओळखलं. मामा जाऊन दोन पावसाळे झाले होते. थंडीतापाचं निमित्त झालं, म्हणाली. “बाबा लय डाव म्हनत, बाबू येनार हायेत, त्याहिले काही सांगाचं हाये मले. काय सांगाचं होतं तुमाले?”

मी म्हटलं, असंच.

तिनं चहा ठेवला. बोलता बोलता म्हणाली, “इथीसुद्धा करत होते पन्हळीचं काम. पन एक मोठी गंमत होती बाबाची. बोळा नाही घालत. नळीच्या तोंडात सोताचा हात कोंबून बसत आन् दुसऱ्या हातानं झाडत. हात सोलून निंगे. म्या म्हनलं, काऊन बाबा, पोत्याचा बोळा काय महाग हाये? तं म्हनत, हात कोनाच्या हवाली करता येत नाही.”

ती हसली. मी कप खाली ठेवला.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण असं. मागच्या वर्षी आमच्या जुन्या वाचनालयाच्या वाचकांपैकी जे उरलो आहोत ते एका लग्नात भेटलो. वाचनालय केव्हाच बंद झालं आहे. एकानं गोष्ट काढली, “तो पन्हळवाला मामा आठवतो का? बोळा ईसरला आन् अख्खं वाचनालय बुडवलं!” टेबलावरचे सगळे म्हातारे हसले. त्यांची नातवंडंही हसली, ज्यांनी मामांना पाहिलं नाही, जी कधी पाहणार नाहीत. मामांचं एवढंच उरलं आहे आणि तेही खोटं. मी तेव्हाही गप्प बसलो. घरी येऊन मात्र चष्मा शोधला.

तेव्हा, नांदुऱ्याचे जे कुणी हे वाचत असाल त्यांनी ध्यानात ठेवा आणि पुढे सांगा. मामा विसरले नाहीत. कधीच विसरले नाहीत.

परवा मुलानं गाडीनं नांदुऱ्याला नेलं. स्टेशनाच्या कुंपणापाशी मामांनी लावलेल्या रोपांपैकी दोन पिंपळ अजून उभे आहेत, माझ्या कवेत मावणार नाहीत एवढे. मुलाला म्हटलं, तू गाडीत थांब. सुतळी बरोबर नेली होती. ती आता धरली तर तिचा भुसा होतो. पिंपळापुढे उभा राहिलो. दोन हात होते, एक तोंड होतं. हात जोडले गेले. तोंड उघडेना. मागून मालगाडी गेली, तिचे सगळे डबे मोजून होईपर्यंत उभा राहिलो आणि तसाच परत आलो.

म्हणून इथे लिहितो. मामा, सुतळी तुम्ही बांधली होती, मी ओढली नाही. आणि नंतर ती सोडून खिशात घातली तीही मीच. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा ती माझ्या मुठीत होती. माफ करजा, मामा.